खंय आसस? – मुंबईची लोकल आणि पडवीतला फोन

मंडळी, दिवेलागणीची वेळ. तुळशीकडे दिवा लावून झाला, माणसे पडवीत येऊन बसली, की मालवण तालुक्यातल्या कितीतरी घरांत एक गोष्ट रोज घडते. देवबागला घडते, आचऱ्याला घडते, मसुऱ्याला घडते. आई मोबाइल हातात घेते, मुंबईला असलेल्या मुलाचा नंबर लावते, आणि पलीकडून आवाज आला की पहिला प्रश्न विचारते, "खंय आसस?"

जेवलास काय, बरा आहेस काय, हे सगळे नंतर. आधी खंय आसस.

आता मौज अशी पाहा, की जुन्या फोनवर हा प्रश्न कोणी विचारत नसे. तारेने भिंतीला बांधलेला फोन जिथे असायचा तिथेच असायचा. फोन उचलणारा माणूस त्या फोनपाशी आहे हे उघडच होते. मोबाइल आला आणि माणूस कुठेही असू शकतो असे झाले. सरकारी कागदात याला भ्रमणध्वनी म्हणतात. आपण मोबाइलच म्हणू. तर या एका प्रश्नाचे उत्तर मालवणच्या पडवीतून मुंबईच्या धावत्या गाडीपर्यंत कसे जाते, कधी जात नाही, आणि जात नाही तेव्हा घरच्यांनी काय समजावे, हे आज सांगायचे आहे.

चाकरमान्याची ख्यालीखुशाली कळणे ही आपल्याकडची जुनी विवंचना. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट मालवणासमोर समुद्रात उभी राही, माणसे होड्यांतून किनाऱ्याला येत, आणि त्यांच्याबरोबर पत्रे, मनिऑर्डरी, निरोप येत. तार आली म्हणजे घरात रडारड आधी आणि मजकूर नंतर. ती तारही २०१३ च्या जुलैत देशातून कायमची बंद झाली. १९४८ साली एस.टी. सुरू झाली, पुढे ती खेडोपाडी पोचली. १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे पुरी झाली आणि कणकवली, कुडाळ ही नावे मुंबईच्या स्टेशनांतून पुकारली जाऊ लागली. मालवणला रेल्वे नाही, कुडाळ स्टेशनला जायचे तर तीसेक किलोमीटर गाठावे लागतात, हे आपल्याला ठाऊकच आहे.

पण तिकडे मुंबईतही एक गोष्ट बदलली, तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. गिरण्या चालू होत्या तेव्हा लालबाग-परळचा चाकरमानी चालत कामावर जाई. भोंगा झाला की निघाला, पाळी सुटली की परतला. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा मोठा संप झाला, त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, आणि आपली माणसे विरार, नालासोपारा, डोंबिवली, दिवा, बदलापूर अशी लांब लांब राहायला गेली. चर्चगेट ते विरार हे अंतर साठ किलोमीटर आहे. म्हणजे ज्याचा बाप दहा मिनिटे चालून कामावर जात होता, तो मुलगा दिवसाचे तीन-चार तास गाडीत उभा असतो. आईने फोन केला की तो गाडीत सापडायचा हे त्यामुळेच.

भारतात पहिला मोबाइल फोन झाला तो ३१ जुलै १९९५ रोजी. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला दळणवळण मंत्री सुखराम यांना केला. त्या काळात फोन केला तरी पैसे आणि फोन आला तरी पैसे. गरिबाचे ते काम नव्हते. २००३ साली येणारा फोन फुकट झाला आणि मग मोबाइल खऱ्या अर्थाने आपल्या पडवीत आला. त्याच दिवसांत आपल्या लोकांनी मिस कॉलची युक्ती काढली. घंटा वाजवायची आणि कापायची. एक घंटा म्हणजे पोचलो, दोन म्हणजे उलट फोन कर. फोन उचलल्याशिवाय पैशांचे मीटर सुरू होत नाही, एवढ्या एका गोष्टीवर ही सगळी भाषा उभी राहिली. कंपन्यांच्या फारशी मनात नसावी, पण लोकांनी चालवली.

बरे, आता हा फोन चालतो कसा?

सगळा मुलूख लहान लहान तुकड्यांत वाटलेला असतो. मधमाश्यांच्या पोळ्यात घरे असतात ना, तसे. प्रत्येक घराला एक टॉवर. इंग्रजीत त्या घराला सेल म्हणतात, त्यावरून सेल फोन. मुंबईत माणसांची दाटी, म्हणून घरे लहान. काही ठिकाणी दोन-चारशे मीटरवर दुसरा टॉवर. आपल्याकडे वस्ती विरळ, म्हणून एकेक टॉवर कित्येक किलोमीटर सांभाळतो. रेडिओलहरींचे पट्टे मोजके असतात, ते सगळ्या देशाला पुरायचे कसे? तर एका टॉवरने वापरलेला पट्टा थोड्या अंतरावरचा दुसरा टॉवर पुन्हा वापरतो. आपल्याकडे गावोगाव वरचीवाडी आहे, गावोगाव मधलीवाडी आहे. पण पोस्टमन चुकत नाही, कारण तो आधी गाव बघतो. तसेच हे.

तुमचा फोन खिशात गप्प पडलेला दिसतो, पण तो गप्प नसतो. आसपासच्या टॉवरांची खूण तो सारखा ऐकत असतो. या टॉवरांचे गट पाडलेले असतात. एका गटाच्या हद्दीतून दुसऱ्या गटाच्या हद्दीत फोन गेला की तो आपण होऊन कळवतो, मी आता इकडे आलो. ही नोंद कंपनीच्या दप्तरात होते. गुरुजींना सांगायचे तर हा हजेरीपट. आता आईने मालवणहून नंबर लावला की आधी हा हजेरीपट उघडला जातो. मुलगा अखेरचा कुठल्या गटात नोंदला होता? समजा, अंधेरीकडच्या. मग त्या गटातले सारे टॉवर एकदम त्याचा पुकारा करतात. ज्याच्या छायेत तो फोन असेल त्याला फोन उत्तर देतो, हजर! आणि मग घंटा वाजते. म्हणजे आईने विचारण्याआधी यंत्राने तोच प्रश्न विचारलेला असतो: खंय आसस?

हे समजले म्हणजे फोनवर ऐकू येणाऱ्या त्या ध्वनिमुद्रित बाईच्या बोलण्याचा अर्थ लागतो. "आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे." पुष्कळ म्हाताऱ्या माणसांच्या काळजाचा हे वाक्य ऐकून ठोका चुकतो. याचा अर्थ इतकाच, की पुकारा झाला आणि हजर असे उत्तर आले नाही. मुलगा लिफ्टमध्ये असेल, तळघरातल्या दुकानात असेल, गाडी बोगद्यात असेल. कोकण रेल्वेवर रत्नागिरीजवळ करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांब आहे. डोंगराच्या पोटात बाहेरच्या टॉवरची लहर पोचायची कशी? "फोन बंद आहे" असे सांगतात ते बहुधा निराळे असते. फोन बंद होताना जाता जाता निरोप देऊन जातो, मी चाललो म्हणून. बॅटरी संपली की असेच होते. दोन्ही वाक्ये यंत्राची आहेत. माणसाचे काय झाले ते त्यांना माहीत नसते, आणि ती सांगतही नाहीत.

आता धावती गाडी घ्या. बोलता बोलता गाडी एका टॉवरची हद्द सोडून दुसऱ्याच्या हद्दीत जाते, तरी बोलणे तुटत नाही. ते कसे? आपल्याकडे शिमग्यात पालखी निघते. भोये दमले की दुसरे खांदा द्यायला पुढे होतात. खांदा बदलतो, पण पालखी खाली टेकत नाही. फोनचे असेच. बोलणे चालू असताना फोन आपल्या टॉवरला कळवत असतो, की तुझा आवाज आता मंद झाला, शेजारच्याचा मोठा येतो. मग वरची यंत्रणा शेजारच्या टॉवरवर जागा तयार ठेवते आणि तुमचे बोलणे तिकडे सोपवते. हे इतक्या क्षणार्धात होते की कानाला कळत नाही. पण शेजारचा भरलेला असेल, खांदा द्यायला कोणी मोकळाच नसेल, तर पालखी टेकते. संध्याकाळच्या लोकलमध्ये नेमके हेच होते. बारा डब्यांच्या एका गाडीत गर्दीच्या वेळी चार-पाच हजार माणसे असतात, बहुतेकांच्या खिशात फोन, आणि ती सारी एकदम एका टॉवरकडून दुसऱ्याकडे धावत असतात. शिवाय डबा लोखंडाचा. आवाज तुटतो, "हॅलो, हॅलो" होते, आणि आई समजते मुलाने फोन ठेवला.

मुलगा ठेवत नाही, मंडळी. पण त्याने तो उचलू नये, असे मला फार वाटते, आणि म्हणूनच हे भाषण.

दादरला किंवा कुर्ल्याला संध्याकाळी सहा-सातच्या गाडीत चढलेला माणूस कसा उभा असतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना वर्णन नको. ज्यांनी पाहिले नाही त्यांनी मालवणची शेवटची एस.टी. आठवावी, गणपतीच्या आदल्या दिवशीची. मात्र तिला दार असते आणि ते बंद होते. बहुतेक लोकलची दारे उघडीच असतात. दारात उभा असलेला मुलगा एका हाताने मधला खांब धरून असतो, दुसऱ्या हातात पिशवी असते. अशा वेळी खिशात फोन वाजतो, पडद्यावर 'आई' असे येते. कोणता मुलगा उचलणार नाही? पिशवी खांद्यावर जाते, नाहीतर खांबावरचा हात सुटतो. रुळांच्या कडेला उभे राहून चालत्या गाडीतल्या दारातल्या माणसाच्या हातावर काठी मारून फोन पाडणारे चोरही आहेत. मुंबईत त्यांना फटका टोळी म्हणतात. फोन जातो तो जातोच, त्या झटक्याने माणूस पडल्याच्याही घटना झाल्या आहेत. कानात बोंडे घालून रूळ ओलांडणाऱ्याला तर मागची गाडी ऐकूच येत नाही. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २०२३ या एका वर्षात सुमारे अडीच हजार माणसे मेली, त्यांत रूळ ओलांडताना गेलेली सर्वांत जास्त. ही सगळी फोनमुळे गेली असे कोणी म्हणत नाही. पण त्या दाराशी आणि त्या रुळांवर माणसाला दोन्ही हात आणि दोन्ही कान लागतात.

तेव्हा मुलाची सुटायची आणि घरी पोचायची वेळ विचारून घ्या, आणि त्या मधल्या वेळात इकडून फोन करू नका. घरी पोचल्यावर त्यानेच एक मिस कॉल द्यावा, ती जुनी भाषा अजून चालते. आणि चुकून फोन केलाच, त्याने उचललाच, आणि तो "गाडयेत आसंय, मगे करतंय" एवढेच बोलला, तर रागावू नका.

मुंबईला नव्याने जाणाऱ्या आपल्या मुलाला फोनचा उपयोग फार मोठा आहे, हेही सांगितले पाहिजे. पूर्वी लोकल कळायला वर्ष लागत असे. जलद कुठली, धिमी कुठली, बोरिवलीची गाडी कुठे थांबणार नाही, हे ज्याला ठाऊक तो मामा बरोबर असावा लागे. आता वेळापत्रक फोनमध्येच आहे. तिकीटही मिळते, रेल्वेने मुंबईत २०१४ च्या अखेरीस मोबाइलवर लोकलचे तिकीट द्यायला सुरुवात केली. मात्र यातली एक मेख नवख्याला ठाऊक नसते. फलाटावर उभे राहून तिकीट काढायला गेले तर फोन नकार देतो. मुलाला वाटते, फोन बिघडला. बिघडलेला नसतो. तपासनीस समोर दिसल्यावर घाईघाईने कोणी तिकीट काढू नये म्हणून, फोन स्टेशनच्या हद्दीत आहे असे कळले की तिकीट द्यायचे नाही, अशी ती व्यवस्था आहे. तिकीट बाहेर रस्त्यावरच काढून घ्यावे. आणि दुसरे, तपासनिसाला ते त्याच ॲपमध्ये दाखवावे लागते. त्याचा फोटो चालत नाही. बॅटरी संपली तर तुम्ही विनातिकीट. दिवसभराच्या फिरतीला निघालेल्याने खिडकीवरचे कागदी तिकीट घेतलेले बरे, असे माझे मत. लोक मला जुन्या वळणाचा म्हणतील, म्हणोत.

फोनला आपली जागा कळते ती दोन वाटांनी. एक उपग्रहांची. आकाशातले उपग्रह वेळेच्या खुणा पाठवत असतात. निदान चार उपग्रहांच्या खुणा कोणत्या क्षणी पोचल्या त्यावरून फोन आपली जागा काढतो. फोन उपग्रहाशी बोलत नाही, फक्त ऐकतो. आपल्या तांडेलांना हे नवे नाही. जीपीएसचे यंत्र ते कधीपासून होडीवर बाळगतात. पण भर समुद्रात होडी कुठे आहे हे तांडेलाला कळते, ते घरी कळवायला मात्र टॉवर लागतो, आणि लांब समुद्रात टॉवर नसतो. आपण कुठे आहोत हे आपल्याला कळणे निराळे आणि ते दुसऱ्याला कळवणे निराळे. दुसरी वाट टॉवरांची. कुडाळला उतरणारे पुष्कळजण 'व्हेअर इज माय ट्रेन' नावाचे ॲप वापरतात. गाडीत बसल्यावर ते इंटरनेटशिवाय आणि उपग्रहाशिवायही गाडी कुठे आली ते सांगते. कसे? तर फोनला आता कुठल्या टॉवरची खूण ऐकू येते ते पाहून. रेल्वेमार्गावरच्या टॉवरांची यादी त्याच्यापाशी आधीच असते. रात्री अडीच वाजता खिडकीबाहेर मिट्ट काळोख असताना कणकवली गेली की यायची आहे हे कळणे म्हणजे केवढा दिलासा!

पण दोन दिवस मुंबईने असे पाहिले की फोन असून नसल्यासारखा झाला.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आपल्याकडे अख्ख्या पावसाळ्यात तीन हजारांच्या आसपास पडतो, त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा एका दिवसात. लोकल बंद, रस्त्यावर छातीभर पाणी, माणसे रात्रभर चालत घरी गेली, शेकडो माणसे मरण पावली. वीज गेली, टॉवर बंद पडले, खिशातल्या फोनच्या बॅटऱ्या संपल्या. दुसरा दिवस ११ जुलै २००६. पश्चिम रेल्वेच्या संध्याकाळच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात बॉम्ब फुटले, दोनशेच्या आसपास माणसे गेली. टॉवर उभे होते, वीज होती, तरी फोन लागत नव्हते. कोकणातल्या घराघरांत माणसे एकच नंबर पुन्हा पुन्हा दाबत बसली होती.

टॉवर असूनही फोन का लागू नये? आपल्या माडाच्या बागेला पाटाचे पाणी पाळीने मिळते. एक पाट, त्यावर आठ घरे. ज्याची त्याची पाळी. त्या काळच्या मोबाइलमध्ये एका पट्ट्याचे असेच आठ वाटे असत, आणि टॉवरवर असे थोडेच पट्टे. म्हणजे एका वेळी काही डझन माणसे बोलू शकत. एरवी पुरत असे, कारण सगळे एकदम बोलत नाहीत. त्या संध्याकाळी सगळे एकदम बोलू पाहत होते. आजची यंत्रे पुढची आहेत, वाट्यांची रीत बदलली आहे, पण पाट अजूनही एकच आणि पाणी मोजकेच.

अशा वेळी साधा मेसेज, म्हणजे एस.एम.एस., करावा. इंटरनेटवरचा नव्हे, फोनमधला साधा. बोलायला वाट सतत मोकळी लागते. मेसेज म्हणजे पेटीत टाकलेले कार्ड. मधल्या केंद्रात ते जपून ठेवले जाते. पलीकडचा फोन सापडला नाही तर थोड्या वेळाने पुन्हा देऊन पाहिले जाते. त्याला जागाही अगदी थोडी लागते. "मी सुखरूप. दादरला थांबलोय." एवढे एकदा पाठवावे, आणि घरच्यांनी वीस वेळा नंबर दाबू नये. आपण दाबलेला प्रत्येक नंबर त्याच भरलेल्या पाटात आणखी एक घागर बुडवतो. कुणा जखमीसाठी बोलावायच्या गाडीचा फोन त्यात अडकलेला असू शकतो. रेल्वेची मदत १३९ वर मिळते, कुठल्याही संकटाला ११२. हे दोन आकडे घरात भिंतीवर लिहून ठेवावेत.

आणि घरचा नंबर पाठ असावा. पूर्वी चार नंबर तोंडपाठ असत, आता आपलाच आठवत नाही. फोन चोरीला गेला की सगळे नंबर त्याच्याबरोबर जातात. मुंबईला जाणाऱ्याने दोन नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवावेत. त्याच कागदावर फोनचा पंधरा आकडी क्रमांक लिहावा. फोनवर तारा, हॅश, शून्य, सहा, हॅश असे दाबले की तो दिसतो. फोन हरवला तर पोलिसांत तक्रार देऊन सरकारच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावरून तो फोन बंद करवता येतो, त्याला हाच क्रमांक लागतो.

शाळामास्तरांसाठी एक गोष्ट सांगून थांबतो. २०२० साली शाळा बंद होत्या तेव्हा आपल्या जिल्ह्यातली मुले फोनला रेंज मिळावी म्हणून डोंगरावर, सड्यावर जाऊन शिकली. खोऱ्यात रेंज का नाही आणि सड्यावर का आहे, हे त्यांना पायांनी ठाऊक आहे, कारण मात्र कोणी सांगितलेले नाही. तेव्हा एखाद्या शनिवारी एक फोन घेऊन वर्गाला शाळेपासून सड्यापर्यंत चालवत न्या. दर शंभर पावलांना थांबून पडद्यावरच्या रेघा मोजायला सांगा, आणि मुलांनी काढलेल्या गावाच्या नकाशावर तो आकडा लिहायला सांगा. डोंगराची सावली कुठे पडते आणि टॉवर कुठल्या दिशेला आहे हे मुले तुमच्याआधी सांगतील. फोन तेवढा घरून चार्ज करून न्या.